वसंतातले ऊन आणि आपले अंगण

हैदराबादेतील थंडी निरोप न घेताच निघून जाते. फेब्रुवारी सरता सरता पांगाऱ्याच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल तुरे येतात, आणि पाडव्याच्या सुमारास कडुलिंबाचा मोहोर अंगणात सांडू लागतो. तोच मोहोर शेजारच्या तेलुगू घरी उगादीच्या पच्चडीत पडतो. छायाचित्रणाची हौस असणाऱ्यांनी कॅमेरा बाहेर काढावा तो याच दिवसांत, असे आम्ही सुचवू.

कारण उन्हात आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य येथे क्षितिजापासून सुमारे ४९ अंशच वर असतो. २१ मार्चच्या आसपास तो ७२ अंशांपलीकडे चढतो, आणि मेच्या ९ तारखेच्या सुमारास थेट माथ्यावर येऊन उभ्या काठीची सावली गिळतो. तेव्हा मार्चमध्ये साडेसहा ते आठ ही वेळ साधावी. पिंपळाची तांबूस पालवी सूर्याच्या दिशेने तोंड करून टिपली, तर पानातली शीर न् शीर उजळते. गुढीचे मात्र तसे नाही. तिचा तांब्या उन्हात इतका चकाकतो की त्यावर बेतून प्रकाशमान ठरवले नाही, तर चित्रात नुसता पांढरा डाग उरतो.

सहाव्या निजामांनी ‘राजा’ किताब दिलेले लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे याच शहराचे थोर छायाचित्रकार. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या ऋणप्रती आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. तीत राजवाडे व उमराव उदंड. पण आपल्या आजीचे माजघर त्यांनी कशाला टिपावे? ते काम घरच्यांचे होते. आमच्या घरांतले जुने आल्बम चाळले, तर पडद्यापुढे ताठ उभी माणसे दिसतात. उंबरठा, पितळी बंब, गच्चीवरचे पापड शोधूनही सापडत नाहीत.

आणि ही चित्रे पुढे मिळणार नाहीत. काचीगुडा, सुलतान बाजार, शालीबंडा येथील जुनी घरे एकेक करून पडत आहेत. त्या जागी सदनिका उठत आहेत. फेब्रुवारी २०२० पासून सुलतान बाजारावरून मेट्रो धावते. सोय झाली, यात वाद नाही. परंतु रस्त्यावर उतरणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा आता तो पूलच अडवतो. बाजारातले पूर्वीचे ऊन जुन्या चित्रांतूनच पाहावयाचे.

महागडा कॅमेरा नसला तरी अडत नाही, खिशातला मोबाइल पुरतो. घरात चित्र घेताना दिवा मालवावा, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्यावा, आणि आजींना “इकडे बघा” असे म्हणू नये; त्यांना गहू निवडू द्यावेत. वर्षाकाठी निदान दहा चित्रे कागदावर छापून घ्यावीत. पाठीमागे गल्लीचे नाव, तिथी आणि वेळ लिहावी, तीही मऊ पेन्सिलीने. शाई पुढच्या बाजूस उतरण्याचा धोका असतो.