बैलाचा खांदा आणि जुवाची बैठक

‘खोगीरभरती’ हा शब्द आपल्या भाषेत निरुपयोगी भरताड या अर्थाने रूढ झाला आहे. परंतु घोड्यावरून दूरचे पल्ले मारणाऱ्या स्वाराला ही भरती कधीही निरुपयोगी वाटली नसावी. खोगिराची गादी सारखी भरलेली असेल, तर स्वाराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर वाटला जातो व कणा मोकळा राहतो. तीच भरती एके ठिकाणी गोळा झाली, अथवा खोगीरच अरुंद असले, की घोड्याची पाठ सोलून निघते. त्याहून मोठे नुकसान कातडीखाली होते. दाबाखालील स्नायू हळूहळू झडतात व पाठीवर दोन्ही बाजूंस खळगे पडतात. मग पुष्कळजण खोगिराखाली आणखी एक जाड घडी घालतात. घट्ट जोड्यात जाड पायमोजा घालण्यासारखाच हा उपाय होय. त्याने दाब कमी न होता वाढतो.

आपल्या बीड जिल्ह्यात आता खोगीर क्वचितच दृष्टीस पडते. परंतु घोड्याच्या पाठीवर जे कार्य खोगीर करते, तेच बैलाच्या मानेवर जू करीत असते, आणि त्याच्या बैठकीविषयी मात्र आपण फारसा विचार करीत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांपैकी जे गाडीवान आहेत, त्यांची सारी भिस्त बैलजोडीवर असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची ती याच जोडीच्या बळावर. अशा वेळी ऐन हंगामात एका बैलाचा खांदा आला, तर एक जनावर नव्हे, सबंध कुटुंबाचा वर्षाचा हिशेब कोलमडतो. म्हणून गाड्या निघण्यापूर्वीच या विषयाकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

घट्टा म्हणजे बळ नव्हे

बैल मानेने ओढतो असे वरवर पाहता दिसते. वस्तुतः ओढीचे बळ मुख्यत्वे मागील पायांत उत्पन्न होते. ते कण्यावाटे पुढे येते आणि वशिंडापुढील भागातून जुवाला मिळते. वशिंड हे स्नायू व चरबी यांचे बनलेले असून त्याच्या पुढे, जेथे जू टेकते, तेथेही कातडीखाली स्नायूंचे थर असतात. ओढ, विश्रांती आणि आहार या तिन्ही गोष्टी योग्य प्रमाणात मिळाल्या म्हणजे हे स्नायू भरतात. दाब सर्वत्र सारखा असेल तर ते काम करतात. तो एकाच जागी एकवटला तर तेथील बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, स्नायूंचे पोषण थांबते, प्रथम सूज येते, आणि हेच पुनःपुन्हा घडले म्हणजे स्नायूंच्या जागी कठीण, तंतुमय गाठ तयार होते.

या गाठीलाच कित्येक शेतकरी बंधू ‘खांदा पक्का झाला’ असे समजतात. धारूर तालुक्यातील एका गावी गतवर्षी आश्विनात प्रस्तुत लेखक गेला असता, एका अनुभवी गाडीवानाने आपल्या लाल कंधारी जोडीतील डावा बैल मोठ्या अभिमानाने दाखविला. त्याच्या मानेवर दगडासारखा घट्टा होता. “साहेब, याला आता कसलंही जू लागत नाही,” असे तो म्हणाला. घट्ट्याच्या कडेने बोटांनी हळूच दाबून पाहताच बैलाने मान झटकन खाली घेतली. उजव्या बाजूस स्नायू भरलेले होते. डाव्या बाजूस हात खळग्यात जात होता. याच जोडीला आठ-पंधरा दिवसांत कारखान्याची वाट धरावयाची होती.

जू उलटे करून पाहिले, तेव्हा कारण समजले. जुने जू एका अंगाने झिजून त्याला धार आली होती, व त्यावर गुंडाळलेल्या चिंध्या ओढीबरोबर सरकून एके जागी गाठोड्यासारख्या जमत होत्या. गावच्या सुताराने दोन तासांत ते दुरुस्त केले. चैत्रात जोडी परत आली तेव्हा जुनी गाठ होती तेवढीच राहिली होती, ती नाहीशी झाली नव्हती. परंतु नवी जखम झाली नव्हती आणि बैल दाबू देत होता. झालेली हानी भरून येण्यास फार काळ लागतो, कधी ती भरून येतही नाही. होऊ न देणे मात्र आपल्या हाती असते.

दाबाचा हिशेब

एक साधे गणित करून पाहावे. समजा, एका बैलाच्या मानेवर ५० किलो भार येतो. जू २०० चौरस सेंटिमीटर जागेवर नीट टेकले असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला २५० ग्रॅम दाब पडेल. तेच जू केवळ दोन उंचवट्यांवर मिळून २५ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो, म्हणजे आठपट होईल. बैल तोच, ओझे तेच. केवळ जुवाच्या बैठकीने हा फरक पडतो.

जुवाची परीक्षा

जू ठीक बसते किंवा नाही हे ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. पुढील रीत प्रत्येकास घरच्या घरी करता येईल.

१. जुवाच्या खालच्या अंगास ओला गेरू लावावा, बैल जुंपून रिकामी गाडी शंभर-दोनशे पावले चालवावी व जू अलगद उचलावे. मानेवर गेरूचा रुंद, सलग पट्टा उमटला तर बैठक योग्य. ठिपके अथवा एकच रेघ उमटली तर तेथेच खांदा फुटणार असे समजावे, व जुवाचा तो उंचवटा सुताराकडून काढून घ्यावा.

२. मानेवर टेकणारा भाग चार-पाच बोटे रुंद, मानेच्या गोलाईस अनुसरून कोरलेला आणि गुळगुळीत असावा. कडा गोल कराव्यात. खिळा, गाठ किंवा फाटलेली ढलपी कोठेही राहू देऊ नये.

३. गादी लावावयाची असल्यास ती सर्वत्र सारख्या जाडीची व पक्की शिवलेली असावी. सुट्या चिंध्या गुंडाळू नयेत. भिजलेली गादी वाळवूनच वापरावी, कारण ओली कातडी लवकर सोलते.

४. शिवळा मानेला घासू नयेत. दोन्ही बाजूंस दोन-तीन बोटे अंतर असावे. जुपणीखालून हाताचा पंजा सहज जावा, म्हणजे गळा आवळला जात नाही.

५. जोडी शक्यतो सारख्या उंचीची व सारख्या चालीची निवडावी. एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असेल तर जू तिरपे होऊन एका काठाने खांद्यात रुतते.

गाडीचा तोल

जू कितीही चांगले असले तरी गाडी पुढे जड भरली तर उपयोग नाही. समजा, दोन चाकी गाडीत २,००० किलो ऊस आहे, जू आसापासून ३ मीटर पुढे आहे, आणि भाराचा मध्य आसापुढे १५ सेंटिमीटर आहे. अशा वेळी दोन्ही मानांवर मिळून १०० किलो भार पडतो. तोच मध्य आसापुढे ५ सेंटिमीटरवर आणला, तर भार सुमारे ३३ किलो राहतो. एका वितीपेक्षाही कमी अंतराने मोळ्या मागे सरकविल्यास खांद्यांवरील दोन तृतीयांश ओझे उतरते. मात्र गाडी उलाळ होऊ देऊ नये. तशी झाल्यास जू वर उचलले जाऊन जुपणी गळ्याला आवळते. उतारावर सारा भार पुढे येतो, याचीही आठवण ठेवावी.

या प्रश्नाकडे अलीकडे तंत्रज्ञांचेही लक्ष गेले आहे. सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली बैलगाडीच्या पुढील बाजूस आधार देणारे एक जादा चाक तयार केले. मानेवरील भार जमिनीवर उतरविणे हाच त्यामागील हेतू होता. असे साधन हाती येईपर्यंत मोळ्या नीट रचणे हाच आपला बिनखर्चाचा उपाय होय.

गोऱ्हे आणि हंगाम

नव्या गोऱ्ह्याचा खांदा एकदम तयार होत नाही. पहिले काही दिवस त्यास जाणत्या बैलाबरोबर रिकाम्या गाडीला अथवा हलक्या औताला थोडा वेळच जुंपावे व काम क्रमाक्रमाने वाढवावे. गोऱ्हा थेट उसाच्या गाडीला लावणे म्हणजे बांधकाम पुरे होण्यापूर्वीच घरावर माळा चढविण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, हंगामात बैलाचे अंग बदलते. कार्तिकात भरलेली मान माघात उतरते, आणि कार्तिकात नीट बसलेले जू माघात तेथे बसत नाही. म्हणून गेरूची परीक्षा महिन्यातून एकदा तरी पुन्हा करावी. उसाच्या वाढ्यांत प्रथिने फार कमी असतात. नुसत्या वाढ्यांवर झिजलेला स्नायू भरून येत नाही. त्यांस कडबा, पेंड आणि खनिज मिश्रण यांची जोड द्यावी.

सूज आल्यास

जू काढल्यावर रोज खांद्यावरून हात फिरवावा. एखादी जागा गरम लागली, केस उलटे झालेले दिसले, अथवा दाबताच बैलाने मान काढून घेतली, तर ती पहिली सूचना समजून काम थांबवावे. सुरुवातीचे एक-दोन दिवस थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने शेकावे आणि पशुवैद्यकास दाखवावे. सूज स्वतः फोडू नये, तापल्या लोखंडाने डाग देऊ नये, जळके ऑइल लावू नये. उघड्या जखमेवर माशा बसून किडे पडतात, म्हणून ती स्वच्छ व झाकलेली ठेवावी.

जखमी जनावर कामास लावणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाखाली अपराध आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार बैलाकडून दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक, अथवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. आणि तपमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्यास जुंपता येत नाही. अणकुचीदार जू वा काठी वापरण्यासही मनाई आहे. हे नियम केवळ दंडाच्या भीतीने नव्हे, तर जोडी टिकावी म्हणून पाळावयाचे आहेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती की, गाड्या निघण्यापूर्वी त्यांनी गावातील सुतारास व पशुवैद्यकास एके दिवशी एकत्र बोलवावे आणि प्रत्येक जुवाची परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी. डोळ्यांसमोर उमटलेला गेरूचा डाग दहा व्याख्यानांचे काम करतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकून त्यांना तूप व हळद चोळतात आणि त्यास दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. ज्या खांद्यावर आपले घर चालते त्याची वर्षातून एकदा हाताने विचारपूस करावी, एवढा जाणतेपणा पूर्वजांनी या प्रथेत ठेवला आहे. तोच हात रोज संध्याकाळी, जू उतरल्याबरोबर, त्या खांद्यावरून फिरला, तर फुटलेले खांदे घेऊन परतणाऱ्या जोड्या आपल्या जिल्ह्यात पुष्कळ कमी दिसतील.