मुलांचा संयम आणि घरातील शिस्त

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचे आत्मनियंत्रण, म्हणजे उसळलेली इच्छा किंवा राग आवरून विचाराने वागण्याची क्षमता, वयाच्या ३ ते ११ वर्षांच्या काळात वेळोवेळी तपासण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्यात ते बालपणी कमी होते, त्यांना वयाच्या बत्तिसाव्या वर्षी प्रकृतीच्या तक्रारी, व्यसने, पैशाची ओढाताण आणि गुन्ह्यांबद्दलची शिक्षा यांना अधिक प्रमाणात सामोरे जावे लागले. बुद्ध्यांक व कुटुंबाची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

असे आत्मनियंत्रण धाकाने अंगी बाणते, ही समजूत मात्र अभ्यासांच्या कसोटीवर उतरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकत्वाच्या तीन पद्धती वर्णिल्या: निव्वळ हुकूम सोडणारी, सारे काही चालवून घेणारी, आणि नियमांवर ठाम राहूनही त्यांची कारणे समजावणारी व मुलाचे म्हणणे ऐकणारी. यांपैकी तिसऱ्या पद्धतीत वाढलेली मुले सर्वसाधारणपणे अधिक स्वावलंबी आणि संयमी आढळली.

पहिल्या दोन पद्धती परस्परविरोधी भासल्या, तरी एकाच घरात, एकाच संध्याकाळी त्या एकापाठोपाठ दिसू शकतात, आणि गाठ खरी तिथेच बसते. मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये कुटुंबांच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून ही प्रक्रिया उलगडून दाखवली: पालक काही करायला सांगतात, मूल नकार देते, पालक ओरडतात, मूल त्याहून जोरात किंचाळते आणि अखेर थकलेले पालक माघार घेतात. त्या क्षणी घर शांत होते म्हणून पालकांना हायसे वाटते, तर आकांडतांडव केले की काम टळते, हे मुलाच्या मनावर ठसते. पुढच्या खेपेला दोघेही अधिक वरच्या पट्टीतून सुरुवात करतात, आणि स्वतःला आवरण्याचा सराव मुलाला घडतच नाही.

तरीही सारा दोष आईवडिलांच्या, त्यातही आईच्या, पदरी टाकणे अन्यायाचे ठरेल. पालकांच्या कठोरपणामुळे मूल बिघडते असे जे दिसते, त्यात जन्मतः तापट असलेल्या मुलामुळे पालकांचा संयम सुटण्याचाही वाटा असू शकतो, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्येच निदर्शनास आणले होते. म्हणूनच पॅटरसन यांच्या निरीक्षणांतून आकाराला आलेली पालक-प्रशिक्षणे कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाहीत. सूचना मोजक्या व स्पष्ट द्याव्यात, दिलेली सूचना पाळून घ्यावी आणि मुलाने स्वतःला आवरले की त्याची लगेच दखल घ्यावी, एवढेच ती शिकवतात. ड्युनेडिनमध्येही ज्यांचे आत्मनियंत्रण तारुण्यात पोहोचेपर्यंत सुधारले, त्यांचे पुढील आयुष्य बालपणीच्या नोंदींवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा चांगले गेल्याचे आढळले.