कालव्याकांठची सायकलवाट

दक्षिण फ्रान्समधील मिदी कालवा तुलूझ शहरापासून द्राक्षमळ्यांच्या प्रदेशांतून भूमध्यसमुद्राकडे सुमारें २४० किलोमीटर जातो. पूर्वीं कांठावरून चालणारे घोडे नावा ओढीत. आज त्या वाटेनें सायकलस्वार जातात. दोन जलद्वारांमधील पाणी समपातळींत राहतें, म्हणून वाटहि सपाट. चढउतार बहुधा जलद्वारांपाशींच. १६६६ मध्यें चौदाव्या लुईची आज्ञा मिळून पिएर-पॉल रिके यानें हें काम अंगावर घेतलें. १६८१ मध्यें कालवा खुला झाला. परंतु रिके आदल्याच वर्षीं निवर्तला होता. कांठीं चिनारजातीच्या वृक्षांची सावली असे. २००६ मध्यें त्यांना बुरशीचा रोग जडल्याचें आढळलें. हजारों वृक्ष तोडून जाळावे लागले. त्यांच्या जागीं अन्य जातींचीं रोपें लाविलीं जात आहेत. रिकेप्रमाणेंच, तीं लावणाऱ्यांनाहि पूर्ण सावली पाहावयास मिळेलच असें नाहीं.