ऑनर्सचे चौथे वर्ष आणि आमची कॉलेजे

कळंबा हे गाव कोल्हापूरच्या दक्षिणेस, गारगोटीच्या रस्त्यावर, शहरास इतके लागून आहे की गाव कोठे संपले व शहर कोठे सुरू झाले हे नवख्यास उमजू नये. येथील मुलेमुली बारावी झाली म्हणजे शहरातील कॉलेजात जातात, तीन वर्षांत बी. ए. किंवा बी. एस्सी. होतात आणि पुढे ज्याच्या त्याच्या प्राक्तनाप्रमाणे दुकानात, नोकरीत अथवा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात शिरतात. आता त्यांच्यापुढे चौथ्या वर्षाचा प्रश्न उभा राहिला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले, विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला, आणि आमच्या राज्यात स्वायत्त कॉलेजांनी २०२३ पासून व संलग्न कॉलेजांनी २०२४ पासून त्याप्रमाणे वर्ग भरविण्यास आरंभ केला. तीन वर्षे व निदान १२० श्रेयांक पुरे झाले म्हणजे साधी पदवी. आणखी एक वर्ष काढून निदान १६० श्रेयांक केले म्हणजे ‘ऑनर्स’. पहिल्या सहा सत्रांत ज्यास ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळतील, त्यास ‘संशोधनासह ऑनर्स’ घेऊन प्रबंध लिहिता येईल. चार वर्षे केलेल्यास पुढील एम. ए. एका वर्षात उरकता येते.

आम्ही या योजनेचे विरोधक नाही. ज्या मुलाच्या बुद्धीस वर्गाच्या सामान्य चालीपेक्षा अधिक वेगाने धावण्याची हौस आहे, त्यास पायबंद घालून ठेवणे हा राष्ट्राचाच तोटा होय. परंतु वकिली करता करता आम्हांस एक सवय जडली आहे : दस्तऐवजाचे शीर्षक काय आहे हे न पाहता त्यात खरोखर काय देण्याचे कबूल केले आहे ते पाहावयाचे. त्या दृष्टीने पाहता आमची पहिली शंका अशी की, हे वर्ष शिकविणार कोण?

संशोधनासह ऑनर्स द्यावयाचे तर त्या विभागात मार्गदर्शनास पात्र असे निदान दोन कायम प्राध्यापक असावेत अशी अपेक्षा आहे. इकडे आमच्या कित्येक कॉलेजांत कायम जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असून तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक विभागाचा गाडा ओढतात. त्या बिचाऱ्यांस पुढील जूनमध्ये आपण येथे असू की नाही याचीही खात्री नसते. मग त्यांनी दुसऱ्याच्या प्रबंधाची जबाबदारी घ्यावी कशी? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

कोल्हापुरास हा अनुभव नवा नाही. न्यायमूर्ती रानडे यांचे बालपण येथे गेले, परंतु वरच्या शिक्षणासाठी त्यांस मुंबई गाठावी लागली व १८६२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत बाहेर पडले. १८८० साली राजाराम कॉलेज उघडल्यावर गोपाळराव गोखले तेथे शिकावयास आले. पण त्यांसही पुढे पुणे व मुंबई पाहावी लागली आणि १८८४ साली बी. ए. ची पदवी मिळाली ती एल्फिन्स्टन कॉलेजातून. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघाले ते या भागातील मुलांची अशीच पायपीट वाचविण्यासाठी. ज्या विभागात ऑनर्स नाही, तेथील हुशार मुलास आज पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घ्यावे लागणार असेल, तर मग आपण पुढे आलो ते किती?

आणि बिऱ्हाड सर्वांसच पाठीवर घेता येत नाही. ज्याचा बाप मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलतो, त्याच्या घरी चौथे वर्ष म्हणजे एका कमावत्या वर्षाची आहुती. मुलीच्या बाबतीत तर हे वर्ष लग्नाच्या बोलण्यांशी झगडून मिळवावे लागते. तीन वर्षे झाली, पुरे झाले, असे म्हणणारे वडीलधारे कोणत्या घरात नाहीत? त्यांस उत्तर द्यावयाचे तर त्या वर्षात मुलीच्या हाती काय पडते हे दाखविता आले पाहिजे. नाही तर नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली चार वर्षांची पदवी घाईने सुरू केली व २०१४ साली ती मागे घेतली, हेही विसरून चालावयाचे नाही.

ऑनर्स म्हणजे काय हे पाहावयाचे तर अमेरिकेतील स्वॉर्थमोर या लहानशा कॉलेजाकडे पाहावे. तेथील अध्यक्ष फ्रँक एडेलॉट हे ऑक्सफर्डला शिकून आलेले. त्यांनी १९२२ साली ऑनर्सची पद्धत सुरू केली, ती अशी : निवडक विद्यार्थ्यांनी मोठ्या वर्गातील व्याख्यानांतून सुटून चार-सहा जणांच्या बैठकीत आपले लेख वाचावे, त्यांवर वाद करावा, आणि शेवटी परीक्षा घ्यावी ती बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, लेखी व तोंडीही. शिकविणारा एक व तोलणारा दुसरा, यामुळे गुरुशिष्य एकाच बाजूस येतात. न्यायाधीश व वकील एकच झाला तर खटल्याचे जे होते ते आमच्या अंतर्गत गुणांचे होत आहे, हे कोणी नाकारील काय?

या पद्धतीस राजवाडा लागत नाही. विषय तर आमच्या दारातच आहेत. कळंब्याचा तलाव शहरास पाणी देण्यासाठी संस्थानी काळात बांधला गेला; त्याच्या भोवती वस्ती वाढत चालली असता पाण्यात काय काय उतरते, हे वर्षभर दर पंधरवड्यास तपासणे हा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास पुरेसा प्रबंध होईल. करवीर दरबारचे मोडी दप्तर येथील पुराभिलेखागारात आहे, पण इतिहासाच्या पदवीधरांपैकी ते वाचता येणारे किती? गुळाच्या सौद्यात दर कसा ठरतो हे अर्थशास्त्राच्या मुलाने पुण्याच्या पुस्तकांत शोधण्याचे कारण नाही.

शहरातील कॉलेजांनी प्रत्येकाने आपापली पाटी न लावता प्राध्यापक एकत्र करावे, एका विषयाचा ऑनर्स वर्ग एकाच ठिकाणी चांगला चालवावा व परीक्षक परगावचा बोलवावा. जातीजातींच्या मुलांसाठी शाहू महाराजांच्या काळात वसतिगृहे उभी राहिली, त्या शहरातील व्यापाऱ्यांस चौथ्या वर्षाच्या दहा-वीस शिष्यवृत्त्या जड जाऊ नयेत. आणि प्रत्येक तुकडीचे तिसरे वर्ष संपण्यापूर्वी कॉलेजाने आपल्या फळ्यावर एक कागद लावावा : ऑनर्ससाठी कोणत्या विभागात कायम प्राध्यापक कोण, प्रयोगशाळा व ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे, व फी किती. कळंब्याच्या पालकाने तो कागद वाचून मगच पैसे भरावे.