पांढरीचे राखणदार

महाराष्ट्रातील नदीकाठच्या जुन्या वसतिस्थानांची भुरकट माती ‘पांढरी’ या नावाने ओळखली जाते. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण आणि कोसळलेल्या भिंती यांतून ती साचलेली असते. म्हणूनच ती पिकाला मानवते. शेतकरी ती गाड्या भरून शेतात नेतो. त्याच्या लेखी ते फुकटचे खत असते. पण त्याच गाडीतून इतिहासाची पानेही निघून जातात.

१९५८ च्या कायद्याचे संरक्षण घोषित स्थळांपुरते आहे. नोंद नसलेल्या टेकाडांचा राखणदार गावकरीच. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्यास हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशा चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक भरले. त्या वाचल्या, परंतु शास्त्रीय उत्खननात, मातीच्या निश्चित थरात न मिळाल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. वस्तू वाचणे आणि तिचा पुरावा वाचणे या दोन भिन्न गोष्टी होत.

हे ज्ञान शेतकऱ्यास परके आहे, असेही नाही. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे नांदलेल्या लोकांनी बार्ली पिकवली, पुराचे पाणी वळविण्यासाठी कालवा खोदला. पुढे हवामान कोरडे होत गेले, तेव्हा शेती खालावली, पशुपालनावरील भिस्त वाढली आणि चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. अवर्षणाच्या छायेत जगणाऱ्या तालुक्याला याहून जवळची कथा कोणती? मात्र या उत्खननाचा १९८८ चा बृहत् अहवाल इंग्रजीत आहे. सार्वजनिक पैशातून मिळविलेले ज्ञान ज्यांच्या भूमीतून निघाले, त्यांच्याच भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचू नये, हा हिशेब न्यायाचा नव्हे.

व्याख्यानांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची बस काढली. असे उपक्रम शहराच्या वेशीबाहेर, तालुक्याच्या ग्रंथालयात आणि बाजाराच्या गावी नियमाने पोहोचले पाहिजेत.

अशा प्रसिद्धीने गुप्तधनाच्या शोधात फिरणाऱ्यांचे फावेल, ही शंका अगदीच निराधार नाही. तथापि गुप्तधनाच्या वदंता अज्ञानावरच पोसतात. टेकाडात मोहरांचे हंडे नव्हेत, तर खापरे, जळके धान्य आणि हाडे असतात, आणि त्यांचे मोल ती जागच्या जागी राहिली तरच असते, हे सोप्या मराठीत सांगणारा अभ्यासक अशा वदंतांना उत्तम उतारा ठरेल.

खर्चाचा प्रश्न निघेल. परंतु एका व्याख्यानाचा खर्च पुढील अंदाजपत्रकात भरून काढता येतो. शेतात पसरलेली पांढरी पुन्हा थराथराने रचता येत नाही. शासनाने उत्खननाचा परवाना आणि निधी देतानाच संबंधित गावात मराठी व्याख्यान व लहानसे प्रदर्शन भरविण्याची अट घालावी. ज्या गावाला आपल्या पांढरीचे मोल कळले, ते तिच्यावर कुदळ चालविण्यापूर्वी निदान क्षणभर थांबेल.