शब्द बाणाआधी पोचतो

पेनसिल्व्हेनियात नाताळ संपला की दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, हरणांच्या शिकारीचा शेवटचा हंगाम उघडतो. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो चालतो. तोवर जंगल पार तुडवून झालेलं असतं. ऑक्टोबरपासून धनुष्यवाले येऊन गेलेले असतात आणि थँक्सगिव्हिंगनंतर दोन आठवडे बंदूकवाल्यांची झुंबड उडालेली असते. आता बर्फात उरतात ते थोडे हट्टी धनुर्धर, आणि त्यांच्या जोडीला दगडावर ठिणगी पाडून उडणाऱ्या जुन्या धर्तीच्या बंदुका घेतलेले हौशी.

हे आपल्याकडच्या माणसाला सांगितलं, तर पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे चोरटी शिकार?’ प्रश्न साहजिक आहे. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. आपल्या लेखी शिकार म्हणजे एक तर राजेरजवाड्यांचे जुने फोटो, नाही तर गुन्हा. अमेरिकेतली गोष्ट निराळ्या वाटेने गेली. बाजारात विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे १९००च्या सुमारास तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात रानातल्या मांसाची विक्री बंद झाली, हंगाम आणि संख्या ठरली. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. या करात धनुष्यबाण आले ते १९७२च्या दुरुस्तीने. एकाच साली दोन देशांनी वन्यजीवांसाठी कायदे केले, एकाने शिकाऱ्याला जंगलाबाहेर काढायला घेतलं आणि दुसऱ्याने त्याच्या भात्यावर कर लावला. कोण बरोबर, हा वाद इथे नको. दोन्हीकडची जंगलं आणि माणसांची गर्दी यांची तुलनाच होत नाही.

सार्वजनिक जमीन म्हणजे ‘या आणि मारा’ असंही नाही. पेनसिल्व्हेनियाच्या गेम कमिशनकडे सुमारे १५ लाख एकर ‘गेम लँड्स’ आहेत आणि राज्याची वनं सुमारे २२ लाख एकर. तिथे कुणीही जाऊ शकतो, पण परवाना हवा. शिंगवाला नर वर्षाला एकच, बिनशिंगाच्या हरणासाठी वेगळा परवाना. वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. धनुष्याचा ताण निदान ३५ पौंड हवा. चारा टाकून हरणांना बोलवायला बंदी.

आता खुद्द शिकाऱ्यांचे समज. डिसेंबरअखेर वाहनतळावर, थर्मासमधली कॉफी ओतता ओतता, हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘सगळी मारली गेली, आता काही उरलेलं नाही.’ पायवाटेवर ताजे ठसे दिसत नाहीत, म्हणून हा निष्कर्ष. खरं तर पायवाटेवर ठसे नसणं एवढंच सांगतं, की हरणांनी पायवाट सोडली. पांढऱ्या शेपटीचं हरीण आपला मुलूख सहसा सोडत नाही. फार उत्तरेला, खोल बर्फाच्या प्रदेशात ती हिवाळी आसऱ्याला लांब जातात, पण पेनसिल्व्हेनियात बहुतेक हरणं आपल्या चौरस मैलभराच्या टापूतच राहतात. फक्त त्याच टापूतला, माणूस न फिरकणारा कोपरा धरतात. माउंटन लॉरेलची सदाहरित जाळी, तोडीनंतर उगवलेलं काटेरी दाट रान, हेमलॉकखालची बर्फ कमी साचणारी जागा, असे ते कोपरे.

याचाच जुळा भाऊ म्हणजे ‘मोठा नर आता पूर्ण निशाचर झालाय.’ हरीण रवंथ करणारा प्राणी आहे. दर काही तासांनी उठणं, चार घास खाणं, पुन्हा बसून रवंथ करणं त्याला चुकत नाही. गळ्यात जीपीएसचे पट्टे घातलेल्या हरणांच्या नोंदी हेच दाखवतात, की शिकाऱ्यांचा दाब वाढला तरी दिवसाची हालचाल थांबत नाही, ती आखडते. नर झाडीतच पन्नास-शंभर पावलं फिरतो आणि उघड्यावर येतो तो अंधार पडल्यावर. शेताच्या कडेला मचाण बांधून बसलेल्याला तो निशाचर वाटणारच. शिवाय नोव्हेंबरच्या माजात धावून धावून नराचं वजन पाचव्या हिश्श्याने घटलेलं असू शकतं. त्याला पोट भरायचंय आणि ऊब वाचवायचीय. दक्षिणेकडच्या उतारावर दुपारी ऊन खाणारं हरीण दिसतं ते त्यामुळे.

मग शिकारी म्हणतो, ‘आणखी आत जायला हवं, दोन-तीन मैल.’ इथे मला हसू येतं, कारण चूक हरणाच्या अभ्यासातली नसून माणसाच्या अभ्यासातली आहे. पेनसिल्व्हेनियाच्या राज्यवनांत शिकाऱ्यांच्याच हाती जीपीएस देऊन पाहिलं गेलंय. बहुतेक जण रस्त्याच्या बऱ्यापैकी जवळ घुटमळतात, तीव्र चढ टाळतात, आणि आपण फार आत गेलो होतो असं मनापासून सांगतात. म्हणजे आत जाणं वाईट नाही, पण अंतर हा मुद्दाच नव्हे. हरणाला मैल मोजता येत नाहीत. त्याला एवढंच कळतं, की इथे तीन महिन्यांत कुणी आलं नाही. अशी जागा ओढ्यापलीकडे असेल, मोडक्या कड्याखाली असेल, किंवा चक्क वाहनतळामागच्या काटेरी पट्ट्यात असेल. त्या पट्ट्याला पाठ दाखवून सगळे आत चालत गेलेले असतात. शेवटच्या हंगामात हरणांच्या वाटांआधी माणसांच्या वाटा नकाशावर काढाव्यात.

दुसऱ्या माजावर डोळे लावून बसणारेही असतात. नोव्हेंबरात गाभण न राहिलेल्या माद्या साधारण चार आठवड्यांनी पुन्हा माजावर येतात आणि चांगल्या पोसलेल्या त्याच वर्षीच्या पाडसमाद्याही. पण हे विखुरलेलं असतं. त्या भरवशावर सुट्ट्या काढू नयेत.

कपड्यांचं खूळ तर विचारू नका. पानाफांद्यांच्या छापाचं महागडं जाकीट घेणाऱ्याला माहीत नसतं, की हरणाला लाल-नारिंगी नीट वेगळे दिसत नाहीत. निळा मात्र त्याला चांगला दिसतो. त्यामुळे नारिंगी जाकिटापेक्षा साधी निळी जीन्स किंवा कपडे ‘उजळ’ करणाऱ्या साबणाची चमक जास्त घात करते, आणि सगळ्यात जास्त घात करते हालचाल. गंध मारणाऱ्या फवाऱ्यांचंही तेच. श्वासावर फवारा मारता येत नाही. सकाळी उन्हाने तापलेली हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार हवा दरीत उतरते. मचाणाची जागा हे पाहून निवडली नाही, तर उरलेला सगळा खर्च व्यर्थ.

आता खुद्द बाणाबद्दल. ‘आजची कंपाऊंड धनुष्यं इतकी वेगवान, की हरणाला कळायच्या आत बाण लागतो.’ हिशेब करून पाहा. तीस यार्ड म्हणजे सुमारे २७ मीटर. सेकंदाला ८५ मीटर जाणाऱ्या बाणाला तिथवर जायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. प्रत्यंचेचा आवाज तेच अंतर सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात कापतो. दशरथाने शब्दाच्या मागे बाण सोडला होता, इथे शब्द बाणाच्या पुढे धावतो. मधल्या पाव सेकंदात दचकलेलं हरीण पळण्यासाठी पाय दुमडतं आणि छाती वीतभर खाली जाऊ शकते. बाण पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट, वर कुठेतरी लागतो. तीन महिने पाठलाग सोसलेलं हरीण ताठ कानांनीच उभं असतं, आणि गोठलेल्या शांततेत बारीक टक्‌सुद्धा ऐकू जातं. म्हणून जानेवारीत अंतर कमी करायचं. त्यात कपड्यांचे थर, प्रत्यंचेला अडकणारी जाड बाही आणि बधिर बोटं. ऑक्टोबरात सहज ओढलेलं धनुष्य आता ओढवत नाही. ताण थोडा उतरवावा, लाज कसली?

बाण लागला की हरीण जागच्या जागी कोसळतं, हा समज सिनेमाचा. बाणाचं पातं रक्तस्रावाने मारतं. फुप्फुसांतून गेलं तर काही सेकंदांत, पोटात लागलं तर तासांनी. तेव्हा लगेच मागे धावलं, तर जखमी हरीण उठून मैलभर जातं आणि हाती लागत नाही. बाणाची शिकार ‘स्वच्छ’ असते असं सांगणाऱ्यांनी मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदल तळावरच्या नोंदी पाहाव्यात. १९८९ ते २००६ दरम्यान तिथल्या सराईत शिकाऱ्यांनी बाण मारलेल्या दर शंभर हरणांपैकी सुमारे ८२ सापडली. उरलेली अठरा सगळीच मेली असं नाही, पण तो आकडा शून्य नाही. विरोधक सांगतात तितका तो मोठाही नाही.

शिकाऱ्याला स्वतःला धोका मात्र बाणापेक्षा झाडाचा जास्त. मचाणावरून पडून दरवर्षी माणसं जायबंदी होतात. बर्फाळ पायरीवर अंगभर पट्टा बांधलेला हवाच.

‘शिंगं नाहीत म्हणजे मादी’ हाही समज याच दिवसांत फसवतो. चितळ-सांबरासारखीच या हरणाचीही शिंगं दरवर्षी गळतात, आणि डिसेंबरअखेरपासून ती गळू लागतात. कायद्याने तो बिनशिंगाचा, म्हणून गुन्हा होत नाही, पण मादी समजून मारलेला पुढल्या वर्षीचा मोठा नर जवळ गेल्यावरच ओळखू येतो.

तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत एखादा सहकारी जानेवारीत मांसाची गोठवलेली पुडी आणून देतो. ती भेटच असते, कारण विकायला कायद्याने मनाई आहे. जास्तीचं मांस गरजूंच्या अन्नछत्रांना देण्याची ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही योजना तिथे १९९१पासून चालते. मात्र पुडी घेताना एक विचारावं. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग पेनसिल्व्हेनियात २०१२ साली सापडला. माणसाला तो झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, तरी रोगट हरणाचं मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. तेव्हा हरीण कुठल्या भागातलं होतं, आणि डोकं तपासायला दिलं होतं का? चांगल्या शिकाऱ्याला हा प्रश्न खटकत नाही, बहुधा उत्तर त्याच्या फोनवर तयार असतं.