रद्दी कागदांची फुलबाग

घरात येणाऱ्या कागदाचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. वर्तमानपत्रे तेवढी महिनाअखेर रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. परंतु लग्नपत्रिका, सरलेल्या वर्षाचे कॅलेंडर, मिठाईची खोकी, साडीच्या घडीत घातलेले पुठ्ठे, मासिकांची गुळगुळीत मुखपृष्ठे हा सारा ऐवज माळ्यावर तरी पडतो किंवा केरात तरी जातो. याच ऐवजातून, ज्यांच्या पाकळ्या खरोखरीच वर उचललेल्या आहेत अशी पुष्पचित्रे कशी करावीत, हे या लेखात सांगावयाचे आहे. तथापि कृतीकडे वळण्यापूर्वी या कलेतील एका थोर स्त्रीची वाचकांस ओळख करून देणे अवश्य वाटते. तिचे काम एकदा ध्यानात आले, म्हणजे हा रिकामपणाचा उद्योग आहे असे म्हणण्यास कोणी धजणार नाही.

मेरी डेलेनी ही बाई 1700 साली इंग्लंडात जन्मली. घराणे सरदारी, परंतु घरात पैशाची ओढ. तेव्हा 1718 साली, तिला सतरावे वर्ष असता, चुलत्याच्या आग्रहावरून तिचे लग्न साठीच्या घरातील पेंडार्व्हिस नामक गृहस्थाशी लावून देण्यात आले. देवलांचे ‘संगीत शारदा’ 1899 साली रंगभूमीवर आले आणि जरठाच्या गळ्यात बांधली जाणारी कुमारिका हा आपल्याकडे घरोघरच्या चर्चेचा विषय झाला. नाटकातली शारदा अखेर सुटते. मेरीला सोडविण्यास कोणी आले नाही. सुमारे सात वर्षांनी तिला वैधव्य आले. पुढे 1743 साली तिने स्वतःच्या पसंतीने पॅट्रिक डेलेनी या आयरिश धर्मोपदेशकाशी विवाह केला. डब्लिनजवळ त्यांनी बाग फुलविली आणि पंचवीस वर्षे सुखाने संसार केला. 1768 साली तेही निवर्तले. मूलबाळ नव्हते. आता सत्तरीकडे झुकलेली ही बाई वर्षातील बराच काळ आपली मैत्रीण पोर्टलंडची डचेस हिच्या बुलस्ट्रोड येथील वाड्यात पाहुणी म्हणून राहू लागली. अशा वयाच्या व अशा स्थितीतल्या बाईकडून जग कशाची अपेक्षा करते, हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस फोड करून सांगावयास नको.

1772 साली, म्हणजे वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तिच्या दृष्टीस एक गोष्ट पडली. जवळ जिरेनियमचे फूल होते आणि शेजारीच तांबड्या कागदाचा एक तुकडा. दोहोंचा रंग हुबेहूब एक. तिने कात्री घेऊन त्या कागदाच्या पाकळ्या कातरल्या. डचेस आली ती त्या पाकळ्या खऱ्याच समजली, असे सांगतात. त्या दिवसापासून सुमारे दहा वर्षे बाईंचा हात थांबला नाही. दृष्टी अधू होऊन कात्री खाली ठेवावी लागली तेव्हा पुष्पचित्रांची संख्या 985 झाली होती; हजार पुरी करण्याची त्यांची इच्छा तेवढी राहून गेली. आठवड्यास जवळजवळ दोन, असे हे प्रमाण पडते. 1788 साली त्या वारल्या. पुढे 1897 साली हा दहा खंडांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आला आणि आजही तो तेथे आहे.

या चित्रांची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. पाठीमागचा कागद काळ्या रंगाने रंगविलेला. त्यावर फुलाचा, पानाचा, देठाचा प्रत्येक भाग निरनिराळ्या कागदाच्या बारीक तुकड्यांनी बसविलेला. छाया दाखवावयाची तर गडद तुकडा, उजेड दाखवावयाचा तर त्यावर फिका तुकडा, असे थरावर थर. आपण ज्यास कृष्णकमळ म्हणतो त्याच्याच कुळातील एका फुलासाठी त्यांनी दोनशेहून अधिक पाकळ्या कातरल्या आहेत! कागद चीनहून आलेले वापरीत, तसेच कागद रंगविणाऱ्यांकडे रंग फिसकटल्यामुळे बाजूला पडलेले तुकडेही त्या आवर्जून घेत. एखाद्याचा बिघडलेला रंग हाच नेमका वाळत्या पानाचा रंग असतो, हे त्यांच्या नजरेने ओळखले होते. सर जोसेफ बँक्स हे त्या काळचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. चुकीची भीती न बाळगता ज्यांवरून वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन करता येईल अशी चित्रे आपण ही एवढीच पाहिली, असा त्यांचा अभिप्राय नमूद आहे. ही योग्यता कात्रीच्या सफाईने आलेली नव्हे. बाई फूल समोर ठेवीत, पाकळ्या मोजीत, केसर मोजीत आणि मगच कागदाला हात लावीत.

आमच्याकडे कागदी फुले करण्याचा हौशी प्रकार पुष्कळ चालतो, परंतु बहुधा एक कागदी फूल पाहून दुसरे केले जाते. त्यामुळे सगळी फुले अखेर एकाच न उमगणाऱ्या गुलाबाची भावंडे दिसतात. म्हणून आरंभ परसातल्या किंवा गच्चीवरच्या कुंडीतल्या जास्वंदीपासून करावा. एकेरी तांबडे फूल घेऊन ते नीट उकलून पाहावे. पाकळ्या पाच, प्रत्येक पाकळीची एक कड एका शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसरीच्या खाली, त्यामुळे फुलास भोवऱ्यासारखा पीळ आलेला. मधून निघालेली लांब नळी, तिच्या वरच्या भागावर पिवळे केसर आणि अगदी टोकाशी पाच तांबडे ठिपके. इतके पाहिल्यावर निम्मे काम झाले.

कागदाला कापडासारखे उभे-आडवे असते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. वर्तमानपत्र वरून खाली फाडले तर सरळ फाटते, आडवे फाडले तर वेडेवाकडे. ज्या रेषेत कागद सरळ फाटतो त्या रेषेभोवती तो सहज वळतो. विरुद्ध वळविला तर त्याला चुण्या पडतात. जास्वंदीच्या पाकळीचे टोक मागे झुकलेले असते, म्हणून तिच्यासाठी ही रेषा पाकळीच्या रुंदीत येईल असा कागद धरावा. जुन्या कॅलेंडराच्या तांबड्या भागातून पाच पाकळ्या कापाव्यात. घडी केलेल्या पंचावर पाकळी उपडी ठेवून विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने शिरा दाबाव्यात, म्हणजे सुलट्या बाजूस त्या उठून दिसतात. नंतर टोक सुईवर गुंडाळून सोडून द्यावे. बुडाशी लहानशी चीर देऊन तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर चिकटविल्या की पाकळीस वाटीसारखी खोली येते. चपटा कागद फूल होतो तो या चिरेमुळे.

मधल्या नळीसाठी खराट्याचा हीर घेऊन त्यावर तांबड्या कागदाची पट्टी गुंडाळावी आणि वरच्या भागावर पिवळ्या कागदाची, कडेने बारीक कातरलेली पट्टी लपेटावी. हे काम घरातील आजींकडे द्यावे. वातींचे लक्ष केलेल्या बोटांना केसर वळणे शिकवावे लागत नाही. आणि वाती वळून झाल्या की आजींना दुसरे काय काम, असे मानणाऱ्या घरांतून तर ते मुद्दाम द्यावे. रंग जुळविण्याचे कामही त्यांचेच. कोणत्या पत्रिकेचा शेंदरी रंग पारिजातकाच्या देठाशी जुळतो, हे रोज सकाळी ती फुले वेचणाऱ्या बाईइतके दुसऱ्या कोणास कळणार? त्या पारिजातकास लग्नपत्रिकेच्या पाकिटाचा जाड पांढरा कागद फार शोभतो. पाकळ्या पाच ते आठ असतात व टोकाशी खाच असते, एवढे विसरू नये.

फुले तयार झाली म्हणजे ती मिठाईच्या उथळ खोक्यात, काळा अथवा गडद निळा कागद लावून मांडावीत. मागील फुले तळाशी चिकटवावीत. पुढील फुलांखाली पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे एकावर एक ठेवून ती उचलावीत. उजेड एका बाजूने येईल असे चित्र टांगले की पाकळ्यांच्या सावल्या आपोआप पडतात व छाया रंगविण्याचे श्रम वाचतात.

वर्तमानपत्राचा कागद पाकळ्यांस घेऊ नये, तो लवकर पिवळा पडतो व ठिसूळ होतो. आत भरण्यास मात्र चांगला. छापील तांबडा व पिवळा रंग उन्हाने उडतात (रस्त्यावरची जुनी भित्तिपत्रके निळसर दिसतात ती यामुळेच), म्हणून चित्रावर थेट ऊन येऊ देऊ नये. कणकेची खळ स्वस्त व उत्तम, परंतु पावसाळ्यात तीस बुरशी येते व कसर लागते. खळीत मोरचूद घालण्याची जुन्या बाइंडरांची चाल होती; मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या घरात ती मुळीच नको. त्यापेक्षा खळ थोडी व पातळ लावावी, चित्र दोन दिवस पंख्याखाली पुरते वाळवावे आणि खोक्यास पुढून काच बसवून कडा कागदी पट्टीने बंद कराव्यात.

डेलेनीबाई प्रत्येक चित्राच्या पाठीवर फुलाचे नाव, तारीख, स्थळ आणि ते फूल कोणी दिले याची नोंद करीत. आपणही काच बसविण्यापूर्वी खोक्याच्या पाठीवर शाईने हे सर्व लिहावे, आणि पाकळ्या कोणी कातरल्या, केसर कोणी वळले, तांबडा कागद कोणाच्या लग्नपत्रिकेतला, हेही त्याखाली लिहून ठेवावे.